कुंभकर्णाची उशी

हे घडलं २०१८ साली. साल पक्कं सांगते, कारण त्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा माझा समज झाला. स्मरणशक्ती तर आधीपासूनच दांडगी. हे मीच वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि घरात कोणी खोडून काढलेलं नाही. खोडून काढायचं तर आधी ऐकून घ्यावं लागतं.

आमचं मूळ घर सोलापूरच्या नवी पेठेत, कापडाच्या दुकानाच्या वर. पेठ नवी म्हणायची, पण माझ्या आजेसासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ती जुनीच होती. यजमान गेल्यावर मुलानं, सोमेशनं, जुळे सोलापुरात, म्हणजे शहराबाहेरच्या नव्या वस्तीत, रो-हाउस घेतलं आणि माझं देवघर, माझा पाट आणि मी अशा तीन वस्तू टेम्पोतून इकडे आणल्या. इथे सगळं नवं. रस्ते सरळ, घरं एकसारखी, आणि कुठल्याच कोपऱ्याला गोष्ट नाही. पेठेत प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी साधू, राजा किंवा चोर येऊन गेलेला असतो. इथे फक्त बिल्डर येऊन गेलेले.

अपवाद एकच. आमच्या ओळीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात, तिथे बसलेल्या म्हशीएवढा काळा दगड होता. वरून सपाट, मध्ये खोलगट, कोणी जन्मभर डोकं टेकून झोपावं तसा. त्याला म्हणत कुंभकर्णाची उशी. इथे ज्वारीची शेतं होती तेव्हाच्या लोकांनी दिलेलं नाव. कुंभकर्ण झोपेतून उठला, भुकेनं कळवळला, लंकेहून चालत निघाला, वाटेतल्या गावांची ज्वारी फस्त करत इथवर आला आणि उन्हात त्याला परत झोप लागली. लंकेचा राक्षस एवढ्या लांब कशाला येईल, असं बाहेरगावचे लोक विचारतात. सोलापूरकर विचारत नाहीत. भाकरी खाऊन वैशाखात दुपारी इथे जागं राहून दाखवा म्हणतात.

पुढे शेतं गेली, प्लॉट पडले, आणि घाईच्या माणसांनी कुंभकर्णाला वगळलं. राहिली नुसती उशी. रिक्षावाल्याला 'उशीला सोडा' म्हटलं की पुरे. नावं अशीच झिजतात, आणि काही झिजवूनही जात नाहीत. विजापूरचं नाव कर्नाटकानं बदललं, पण आमचा विजापूर रोड अजून विजापूरलाच जातो.

या उशीला पाठ टेकून गुरम्मा बसायची. टोपलीत कडक भाकरीच्या चळती, डब्यात शेंगाचटणी, डोक्यावर कडुलिंबाची सावली. भाकरी सून भाजायची, विकायची ही. नवरा गेल्यापासून घर त्या टोपलीवर चाललेलं. मूळची अक्कलकोटकडची, त्यामुळे बोलताना मध्येच कानडीत शिरायची आणि माझ्याही तोंडात माहेरची कानडी यायची. शेजारी मैनुद्दीनची रिक्षा उभी असायची. दोघांचं दिवसभर भांडण चाले. ती म्हणायची याच्या धुरानं भाकरी काळी पडते, तो म्हणायचा हिच्या चटणीनं गिऱ्हाईक शिंकतं.

आता मल्लप्पांकडे येते. मल्लप्पा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती. त्यांची धाकटी भुवनेश्वरी लग्नाची होती. पुण्याहून स्थळ आलं, पाहुण्यांना पत्ता सांगायची वेळ आली, आणि मल्लप्पांचं आयुष्य तिथे अडकलं.

"अक्का, फोनवर पत्ता विचारला," त्यांनी मला फाटकात उभं राहून सांगितलं. "मी म्हटलं, कुंभकर्णाच्या उशीमागे. मुलाचा बाप हसला. नुसता हसला असता तर चाललं असतं. फोन हातानं झाकून बायकोला सांगितलं आणि मग ती हसली."

"मग पुढे?"

"पुढे काय? विचार करून कळवतो म्हणाले. विचार करतायत दोन महिने."

त्याच सुमारास रस्ता रुंद करायचं निघालं. दगड बरोबर कडेला अडत होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, थोडं वळवून घेता येईल, नाहीतर ब्रेकर लावून एका दिवसात फोडतो, तुम्ही ठरवून सांगा. मल्लप्पांना देव पावला. दगड फोडायचा, चौकाला चांगलं शोभेलसं नाव द्यायचं, रविवारी मीटिंग.

शनिवारी दुपारी गुरम्मा माझ्याकडे आली. एरवी फाटकातून हाक मारायची, त्या दिवशी आत येऊन पायरीवर बसली.

"अक्का, उद्याच्याला दगुड फोडायचं ठरवत्यात म्हनं."

"ऐकलंय."

"मग मी कुटं बसू? बाजारात गेले तर तितं ज्याची त्याची जागा ठरल्याली. हितली गिऱ्हाइकं मला वळखत्यात. सुनंला आता सातवा लागलाय, तिला घिऊन कुटं फिरू?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमाला समदं जुनं ठावं हाय. तुमी बोललात तर ऐकतील की."

तुम्हाला सगळं जुनं ठाऊक आहे. हे वाक्य माझ्यासारख्या बाईला सांगू नये. सुनेनं, महेश्वरीनं, स्वयंपाकघरातून ते ऐकलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून भांडी जरा जोरात ठेवली.

रविवारी मीटिंग मल्लप्पांच्या पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि प्रत्येकाच्या मनात एकेक नाव. मी उभी राहिले तेव्हा खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. मी इतकंच म्हणाले की गुरम्मा गरीब आहे, तिची सोय बघून मग काय ते करा. लोकांनी माना हलवल्या आणि चहा प्यायले. कोणीतरी म्हणालं, "बरोबर आहे आजींचं. तर मग ब्रेकर कधी बोलवायचा?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दगड कोणाचा आहे ते माहीत आहे का तुम्हाला?"

सगळे थांबले. मीही थांबले, कारण मलाही माहीत नव्हतं. पण पार्किंगमध्ये एवढी शांतता माझ्या बोलण्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा पडली होती आणि ती सोडवेना.

"सिद्धेश्वर महाराजांनी तळं खणलं," मी म्हणाले.

सोलापुरात हे नाव घेतलं की मागचं वाक्य लोक विसरतात आणि पुढचं तपासत नाहीत. दोघांचे हात छातीशी गेले. मी पुढे निघाले. तळ्याची माती वाहणारा एक नंदी होता. शेवटच्या खेपेला तो दमून इथे टेकला. महाराजांनी पाठीवर हात फिरवून सांगितलं, बाळा, आता तू इथेच विसावा घे. त्यानं मान टेकली तो हा खोलगट भाग. कुंभकर्ण वगैरे मागाहून गुराख्यांनी थट्टेनं घातलेलं. खरं नाव नंदीविसावा.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, अक्का?" मल्लप्पांनी विचारलं. आवाज अगदी मऊ झाला होता.

"माझ्या आजेसासूबाईंनी. त्या असंही सांगायच्या की एकानं या दगडाला पहार लावली, तर पहार वाकली."

ही पहार नको होती. ते मला बोलता बोलताच कळलं. पण माझं हे असंच आहे. आमटी चांगली झाली की मी त्यात आणखी एकदा मीठ घालते.

घरी आल्यावर महेश्वरी म्हणाली, "अत्या, तुम्हीच सांगता ना, आजेसासूबाई नवी पेठ सोडून कधी बाहेर पडल्या नाहीत?"

"ऐकीव असतं गं."

"असेल. पहारसुद्धा ऐकीव होती का?"

पण दगड वाचला. रस्त्यानं दगडापाशी एक छोटं वळण घेतलं. गुरम्मानं त्या दिवशी ताज्या भाकरीची चळत आणून दिली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. पुढचे पंधरा दिवस मी संध्याकाळी उगाच चौकापर्यंत जाऊन यायचे. लोक विचारायचे, "आजी, अजून काय काय आठवतं?" आणि मला आठवायचं.

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी दगडावर कोणीतरी बेलाची पानं ठेवली. दुसऱ्या सोमवारी विभूती आली, नंतर हळदकुंकू, मग तेलाचा दिवा. एका सकाळी बघते तर दगडाला पितळी डोळे बसवलेले. मल्लप्पांनी वर पत्र्याचं छत घातलं. त्यांनी विनंती पाठवून एका ओळखीच्या शास्त्रीबुवांकडून नावही सुधारून घेतलं होतं. मी साधं नंदीविसावा म्हटलं होतं, फलक लागला तो 'श्री नंदीविश्राम चौक'. पुण्याचा विचारही याच काळात पूर्ण झाला. मुलाचे आईवडील आले, मल्लप्पांनी त्यांना आधी दगडाच्या दर्शनाला नेलं आणि पार्किंगमध्येच सुपारी फुटली. त्या दिवसापासून मल्लप्पांना या गोष्टीवर शंका घेणं म्हणजे मुलीच्या संसारावर शंका घेणं होतं.

त्यानंतर लोखंडी कठडा आला.

कठडा आला त्या दिवशी गुरम्माची टोपली लिंबाच्या पलीकडे, उन्हात दिसली. मी गेले तर मल्लप्पा तिच्याशी बोलत होते. रागावून नाही. चांगल्या माणसाला बाजूला सारताना चांगला माणूस जसा बोलतो, तसे.

"तुम्हीच बघा अक्का. ही देवाला पाठ टेकून बसते. बरं दिसतं का ते? शिवाय भाकरीचा चुरा पडतो, मुंग्या येतात."

"ती वीस वर्षं पाठ टेकूनच बसते, मल्लप्पा."

"तेव्हा कुठे माहीत होतं आपल्याला, तो कोण आहे ते? तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

मी मैनुद्दीनच्या रिक्षेकडे वळले. त्यालाही रिक्षा हलवायला सांगितली होती. तो हँडलवर हात ठेवून म्हणाला, "अक्का, कुंभकरन बरा होता. त्याला हॉर्नचा त्रास नव्हता. आता नंदीची झोपमोड होते म्हणून मला शंभर फूट मागे घातलंय."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको अक्का. तुमी परत बोलला तर मला अक्कलकोटला उभं राहावं लागेल."

गुरम्मा उन्हात तीन आठवडे बसली. भाकरी विकली जायची ती निम्मी. सूनबाई बाळंत होऊन घरी पडलेली, मुलगी झालेली, आणि हिला दुपारी घेरी यायला लागली. मला झोप लागेना. शेवटी मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. मी मीटिंग मागून घेतली.

पार्किंग या वेळी भरलं होतं. मी उभी राहून म्हणाले, "नंदीची गोष्ट मी रचलेली आहे. मला आजेसासूबाईंनी काही सांगितलेलं नाही. दगड कुंभकर्णाचाच आहे, निदान शेतकरी तरी तसं म्हणत. कठडा काढा आणि गुरम्माला तिच्या जागेवर बसू द्या."

मग मल्लप्पा उठून आले, मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"अक्का, जेवलात का सकाळी?"

"जेवले. मी शुद्धीत आहे."

"आहातच की. पण या वयात होतं असं. माझी आई शेवटी शेवटी मला तिचा भाऊ समजायची."

"अहो, मी स्वतः सांगतेय ना, मी खोटं बोलले."

"तेव्हा तुम्ही किती बारकाईनं सांगितलं होतंत," ते प्रेमानं म्हणाले. "शेवटची खेप, पाठीवरचा हात, वाकलेली पहार. हे माणसाला सुचत नाही, अक्का. हे आठवावं लागतं."

मागच्या रांगेत शंकरप्पा होते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांनी काठी आपटली. "मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलंय. नंदीच्या गळ्यात घंटा होती. अमावस्येला अजून वाजते."

"तुमचे आजोबा तर तिकडे पंढरपूरकडच्या करकंबचे," मी म्हणाले. "ते इकडे कधी आले?"

"म्हणून काय झालं? घंटा करकंबपर्यंत ऐकू येत असेल."

लोकांनी माना डोलावल्या. मी रचलेल्या गोष्टीत मला माहीत नसलेली घंटा निघाली होती आणि साक्षीदारही मिळाला होता. रचत होते तोवर माझी स्मरणशक्ती अख्ख्या जुळे सोलापुरात गाजली. एकदा खरं बोलले, तर सोमेशला फोन गेला की आईला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

मी तशीच गुरम्माकडे गेले. निदान तिला तरी कळायला हवं होतं की मी प्रयत्न केला. तिच्या शेजारी रस्त्याच्या कडेला टेकून सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भाकऱ्यांवरचं फडकं नीट करत होती.

"अक्का, असं बोलू नये," ती हळूच म्हणाली.

"अगं, पण ते खरंच खोटं आहे."

"आसंल. मी बी रोज सकाळी हात जोडते त्याला. नातीला त्येच्याच पायाशी घालून आनलंय." तिनं कठड्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी बारीक केला. "वीस वर्सं पाठ लावून बसले की मी त्येला. नकळत का हुईना. माजी जागा गेली ती त्येच्यामुळंच गेली आसंल, कुनाला ठावं. तुमी आता त्येला खोटा म्हनून त्येचा कोप तुमच्यावर वढून घिऊ नका."

मी घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. ज्या एका बाईसाठी हा सगळा उपद्व्याप केला, ती आता स्वतःला अपराधी समजत उन्हात बसली होती. दिवेलागणीला महेश्वरी समोर येऊन उभी राहिली.

"काय ठरवताय?"

"विचार करतेय. गुरम्माबद्दलच एखादी गोष्ट सांगितली तर? समजा नंदीला भाकरी देणारी एक म्हातारी होती, आणि तिच्या वंशातली…"

"अत्या." तिनं हात जोडले. "गोष्ट नको. फाटक उघडा."

मला आधी कळेना.

"आपली पायरी रुंद आहे. वर स्लॅबची सावली आहे. चौकापासून चौथं घर. तिला म्हणावं, इथे बस."

"सोमेश काय म्हणेल? आणि सोसायटी?"

"सोमेशला मी सांगते. सोसायटीला सांगायचं काय? आपलं घर, आपली पायरी. आणि पायरीवर अजून तरी कोणी देव टेकून गेला नाही. तुम्ही तोंड मिटून राहिलात तर यापुढेही जाणार नाही."

इतकं सोपं होतं. एवढ्यासाठी मी महाराजांना, नंदीला आणि नवी पेठेबाहेर कधी न गेलेल्या आजेसासूबाईंना उठवून आणलं होतं. माझी स्वतःची पायरी मात्र मला सुचली नव्हती. तिच्यावर मी रोज बसून होते म्हणून दिसली नसावी.

गुरम्मा आली. पहिले चार दिवस भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, ताठ बसायची. भिंतीत कोण असेल याचा तिला आता भरवसा राहिला नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी डोळा लागला आणि पाठ आपोआप टेकली. गिऱ्हाईक चौकात येऊन शोधायचं तेव्हा मैनुद्दीन शंभर फुटांवरून हात करून आमचं घर दाखवायचा. दिवाळीपर्यंत टोपली पुन्हा दुपारीच रिकामी व्हायला लागली.

आता यातल्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते.

भुवनेश्वरी पुण्यात सुखी आहे. तिच्या सासऱ्यांनी तिथल्या फ्लॅटला 'नंदीविश्राम' असं नाव दिलं. तेच सासरे, फोन हातानं झाकून हसणारे. मल्लप्पा अजून अध्यक्ष आहेत, मला बघितलं की वाकून विचारतात, "अक्का, मला ओळखलंत ना?" शंकरप्पा २०२१ मध्ये गेले. त्यांची घंटा राहिली. अमावस्येला ती ऐकलेले आता सात-आठ लोक आहेत, त्यातले दोघे भाड्यानं राहणारे, गेल्याच वर्षी लातूरहून आलेले.

मैनुद्दीननं रिक्षा मुलाला, शाकीरला दिली आणि तो घरी असतो. शाकीर फोनवर पत्ता बघून रिक्षा चालवतो. त्या फोनमध्ये आमचा चौक नुसता 'विश्राम' असा आहे. आधी कुंभकर्ण गेला होता, आता नंदीही गेला. अजून थोडी वर्षं गेली की तिथे काय उरेल कोण जाणे.

महेश्वरीनं त्यानंतर मला एकदाही टोमणा मारलेला नाही. फक्त घरात पाहुणे आले आणि मी "आमच्या आजेसासूबाई" असं म्हणून सुरुवात केली, की ती उठून चहा टाकायला जाते.

मला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आजची तारीख विचारली, वार विचारला, घरचा पत्ता विचारला. तारीख आणि वार बरोबर आले. पत्ता मी उशीमागचा सांगितला, तो त्यांच्या कागदावरच्या पत्त्याशी जुळला नाही, म्हणून एक गुण कापला.

गुरम्माचे गुडघे गेले. दोन वर्षांपासून टोपलीमागे सून सिद्धेश्वरी बसते, आणि गुरम्मा आत माझ्या शेजारी झोपाळ्यावर. मागच्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी गावातल्या जुन्या कथा गोळा करायला आली होती. मी तोंड उघडायच्या आत गुरम्मानं सुरुवात केली. नंदी आला, दमला, टेकला, महाराजांनी पाठीवर हात फिरवला. आणि मग एक म्हातारी आली, तिनं आपल्या टोपलीतली अर्धी भाकरी त्याच्या तोंडात घातली. मुलगी भराभर लिहून घेत होती.

"ही म्हातारी कुठून आली?" मी गुरम्माच्या कानाशी लागून विचारलं.

"व्हती की," ती म्हणाली आणि पायानं झोपाळा हलवला. "तुमाला आता आठवत न्हाय."